पेशी मोजा, मग हाडात सोडा

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कोवळ्या वयाची मुले दाखल होतात आणि पुढची तीन वर्षे त्यांच्या हाडांची रोज परीक्षा होते. धावणे, अडथळे ओलांडणे, मुष्टियुद्ध, घोडेस्वारी, पाठीवर ओझे घेऊन मावळातले डोंगर चढणे. बहुतेकांची हाडे या ताणाने बळकट होतात, काहींची मोडतात. अगदी थोड्यांची दुखापत मात्र अशी असते की गणवेशच सुटतो. प्रशिक्षणात जखमी होऊन वैद्यकीय कारणाने बाहेर पडावे लागलेल्या छात्रांची दखल ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. १९८५ पासून देशातल्या लष्करी प्रशिक्षण संस्थांमधून अशी सुमारे ५०० मुले बाहेर पडल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांतून समोर आले होते. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नव्हता आणि त्यामुळे माजी सैनिकांची आरोग्य योजनाही लागू नव्हती. न्यायालयाने विचारणा केल्यावर सरकारने ती योजना त्यांच्यासाठी खुली केली.

उपचाराचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्याने काही अंशी सुटला. कोणता उपचार करायचा, हा उरला आहे, आणि तो फक्त छात्रांचा नाही. सिंहगड रस्त्यावर दुचाकीवरून पडून नडगीचे हाड मोडलेला तरुण, धायरीत बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला मजूर, करोनाच्या काळात स्टिरॉइड घेतल्यावर काही महिन्यांत खुबा दुखू लागलेली गृहिणी, या सगळ्यांच्या घरी आज एक शब्द पोहोचलेला असतो: स्टेम सेल. कोणी नातेवाईक मोबाइलवर चित्रफीत पाठवतो. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या मूलपेशी बिघडलेल्या हाडात सोडायच्या, हाड पुन्हा तयार होते, असे त्यात सांगितलेले असते. यातले खरे किती, अपुरे किती आणि नुसते विकाऊ किती, हे तपासणे पुण्यासारख्या शहराला शक्य आहे. म्हणूनच ते त्याचे कर्तव्यही आहे, असे मला वाटते.

या उपचाराला हसण्यावारी नेणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण त्याचा पाया भक्कम आहे. त्वचा खोलवर दुखावली की तिथे व्रण राहतो. हाड मोडले तर जुळताना पुन्हा हाडच तयार होते, आणि नीट जुळलेल्या जागी वर्षा-दोन वर्षांनी क्ष-किरण चित्रातही मोड शोधावा लागतो. हाड झिजवणाऱ्या आणि हाड घडवणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी आयुष्यभर शेजारी-शेजारी काम करत असतात, त्यामुळे हे शक्य होते. घडवणाऱ्या पेशी मज्जेतल्या मूलपेशींपासून तयार होतात. मज्जेच्या आधार-ऊतीत हाड तयार करू शकणाऱ्या पेशी असतात, हे सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत दाखवले. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने प्रौढ माणसाच्या मज्जेतून या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यापासून हाड, कुर्चा आणि चरबी अशा तिन्ही प्रकारच्या पेशी घडवल्या. गर्भाला हात न लावता, रुग्णाच्याच शरीरातून हे करता येते. त्यामुळे गर्भपेशींभोवतीचा नैतिक वाद इथे उद्भवतच नाही.

अडचण संख्येची आहे. मज्जेतल्या एक लाख पेशींमागे अशा मूलपेशी एक ते दहा एवढ्याच असतात, आणि वय वाढते तशा त्या आणखी कमी होतात. मज्जा एकाच जागेतून भराभर ओढली तर सुईत मुख्यतः रक्त येते. म्हणून जाणते शल्यचिकित्सक दर वेळी जागा किंचित बदलत थोडी थोडी मज्जा घेतात. ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण उपचार आणि फसगत यांच्यातला फरक पुष्कळदा इथेच ठरतो.

पुण्यात या विषयाचे मूलभूत काम झालेले आहे, हे पुणेकरांनाच फारसे ठाऊक नाही. विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने इंटरल्यूकिन-३ या रेणूवर अनेक वर्षे संशोधन केले. रक्तपेशींच्या वाढीशी संबंधित म्हणून तो आधीपासून माहीत होता. हाड झिजवणाऱ्या पेशी तयार होण्याला हा रेणू थेट आळा घालतो, हे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. मानवी मज्जेतल्या मूलपेशींना तो हाड घडवणाऱ्या पेशी होण्याकडे वळवतो, हे २०१२ मध्ये. एकच रेणू झीज थांबवतो आणि बांधणीलाही हातभार लावतो. हाडाच्या अभ्यासकाला याहून आकर्षक गोष्ट क्वचितच सापडेल. तरीही प्रयोगशाळेतल्या या निष्कर्षाला औषध म्हणण्याची घाई त्या गटाने केली नाही. आज ज्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांनी या संयमाकडे पाहावे.

आता दवाखान्याकडे वळू. पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: मोडलेल्या बहुतेक हाडांना मूलपेशींची काहीही गरज नसते. प्रबोधिनीसारख्या ठिकाणी वारंवार दिसणारी दुखापत म्हणजे ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर. ती नडगीला किंवा पावलाच्या हाडांना पडते आणि क्वचित मांडीच्या हाडाच्या मानेला, जिथे ती खरोखर धोक्याची असते. धावणे एकदम वाढवले की झीज पुढे जाते, बांधणी मागे पडते आणि हाड चिरते. विश्रांती आणि हळूहळू वाढवत नेलेला सराव हा त्यावरचा मुख्य उपाय. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या ५,२०१ महिलांवर झालेल्या एका चाचणीत आठ आठवडे रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर अशा चिरांचे प्रमाण २० टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रबोधिनीत महिला छात्रांची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली आणि मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. मुलींना अशा चिरांचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे जगभरच्या सैन्यांत दिसून आले आहे. त्यांच्यासाठी एक रुपया खर्च करायचा असेल, तर तो आधी आहार, रक्ततपासणी आणि सरावाच्या आखणीवर करावा.

ज्यांचे हाड महिने उलटूनही जुळत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. नडगीचे हाड कातडीच्या अगदी लगत असते. अपघातात ते उघडे पडले, रक्तपुरवठा तुटला, जंतुसंसर्ग झाला, सळई नीट बसली नाही किंवा रुग्णाला मधुमेह असला तर जुळणी रखडते. तंबाखू आणि मिश्रीही हाड जुळण्याच्या आड येतात, आणि आपल्या खेड्यांत मिश्रीला कोणी व्यसनात धरतच नाही. अशा न जुळलेल्या हाडावरचा रूढ उपाय म्हणजे कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवणे. तो चालतो. मात्र दुसरी जखम होते, कंबर पुष्कळ दिवस दुखते आणि मिळणारे हाडही मर्यादित असते.

पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील शल्यचिकित्सक फिलिप एर्निगू यांनी याला पर्याय शोधला. कमरेतून मज्जा घ्यायची, यंत्रात फिरवून तिच्यातल्या पेशींची दाटी वाढवायची आणि सुईने थेट न जुळलेल्या जागी सोडायची. न जुळलेल्या नडगीच्या ६० रुग्णांचे निष्कर्ष त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या ५३ जणांची हाडे जुळली. या अभ्यासाची खरी थोरवी मला त्या ५३ जणांपेक्षा उरलेल्या सात जणांत दिसते. एर्निगू यांनी प्रत्येकाला दिलेल्या मूलपेशी मोजून ठेवल्या होत्या. हाड न जुळलेल्या सातही जणांना मिळालेल्या मज्जेत पेशींची दाटी कमी होती आणि एकूण संख्याही कमी होती. म्हणजे उपचार का चालला आणि का फसला, याचे काही उत्तर हाती आले. आज आपल्याकडे असा मज्जेचा अर्क देणाऱ्या किती ठिकाणी त्यातल्या पेशी मोजल्या जातात? मोजल्या नाहीत तर रुग्णाला नेमके काय दिले, हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. याच कारणाने मी मोजणीला या विषयाचे मर्म मानतो.

हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला असेल तर नुसत्या पेशी पुरत नाहीत. वेलाला जसा मांडव, तसा पेशींना आधार लागतो. इटलीतल्या एका गटाने हाडातल्याच खनिजापासून सच्छिद्र ठोकळे केले, त्यात रुग्णांच्या वाढवलेल्या मूलपेशी भरल्या आणि तीन रुग्णांची हाडांतली मोठी पोकळी भरून काढली. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर आशा उंचावल्या. पंचवीस वर्षांनंतरही ती पद्धत रोजच्या वापरात आलेली नाही. वाढवलेल्या पेशींचा खर्च, लागणारे आठवडे आणि शुद्धतेची काळजी हे सगळे त्यात आड येते. या काळात आपल्याकडे साधे, खात्रीचे उपाय मुरत गेले. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव यांची कड्या-तारांची पद्धत घ्या. हाड कापून रोज अंशाअंशाने ताणत नेले की त्या फटीत शरीर स्वतःच नवे हाड भरते. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या तंत्राला वाहिलेले केंद्रच उभे केले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८८ पासून ऊती-पेढी आहे, जिथे दान केलेली हाडे किरणोत्साराने निर्जंतुक करून दिली जातात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातल्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरण्याचे साहित्य विकसित झाले आणि त्यातून पुण्यातच एक कंपनीही निघाली. मूलपेशींच्या चर्चेत या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात, आणि ते रुग्णाच्या हिताचे नाही.

सर्वांत अवघड प्रश्न खुब्याचा आहे, आणि सर्वाधिक पैसाही तिथेच फिरतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा मुळातच नाजूक. स्टिरॉइड, दारू, अपघात किंवा सिकलसेल यांमुळे तो तुटला की गोळ्यातले हाड मरते आणि काही काळाने खचते. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले, पण काहींच्या खुब्यांना त्याची किंमत मोजावी लागली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अग्रवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके स्टिरॉइड मिळाले होते. करोनाच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत त्यांचे दुखणे सुरू झाले, एरवी दिसते त्याहून कितीतरी लवकर. नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलमुळे हाच आजार तरुण आदिवासींना होतो. त्यांच्या खुब्याची बातमी होत नाही.

या रुग्णांचे वय लक्षात घेतले की मूलपेशींच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा नीट समजतो. गोळा खचला की शेवटी खुबा बदलावा लागतो. कृत्रिम खुबे चांगले आहेत. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार त्यांतले सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. सत्तरीच्या माणसाला हे समाधान पुरते, पण अठ्ठाविशीच्या माणसाला आयुष्यात दोनदा, कदाचित तीनदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागेल. त्याला स्वतःचा खुबा आणखी दहा-पंधरा वर्षे वापरता आला, तर त्याची नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे तेवढ्या काळात मार्गी लागतात. म्हणून पूर्ण पुरावा येईपर्यंत थांबा, असे त्याला सांगणे मला क्रूर वाटते. पुरावा येईल तेव्हा त्याचा खुबा राहिलेला नसेल.

मग पुरावा काय सांगतो? एर्निगू यांनीच २०१८ मध्ये १२५ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. स्टिरॉइडने सर्वांचे दोन्ही खुबे बिघडलेले होते. प्रत्येकाच्या एका खुब्यात छिद्र पाडून नुसता आतला दाब कमी केला, दुसऱ्यात मज्जेचा अर्कही सोडला. वीस ते तीस वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या बाजूचे ७२ टक्के खुबे खचलेले होते आणि मज्जा दिलेल्या बाजूचे २८ टक्के. एकाच माणसाचे दोन खुबे एकमेकांशी ताडून पाहिल्यामुळे या आकड्यांना वजन आहे. पण २०१६ मध्ये जर्मनीत २४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्क दिल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, जिथे गोळा आधीच खचू लागला होता, तिथेही उपयोग झाला नाही. बेल्जियममधल्या एका कंपनीने मज्जेतून वाढवलेल्या हाडपेशींची याच आजारासाठी मोठी चाचणी सुरू केली होती. मधल्या टप्प्यावर फायदा दिसण्याची शक्यता नसल्याचे कळल्यावर २०१८ मध्ये ती थांबवावी लागली. त्याच कंपनीचे नडगीच्या अवघड मोडीवरचे दुसरे उत्पादन २०२३ मध्ये अपयशी ठरले.

या परस्परविरोधी निकालांतून मला उमगते ते असे: खचण्यापूर्वीच्या अवस्थेत, पुरेशा पेशी, जाणत्या हातांनी दिल्या तर उपयोग होत असावा. खचल्यानंतर बहुधा होत नाही. म्हणजे निदान लवकर होणे हेच निम्मे काम. मांडीत किंवा जांघेत दुखते म्हणून येणाऱ्या, पूर्वी स्टिरॉइड घेतलेल्या माणसाची एमआरआय वेळेवर झाली पाहिजे. ती महिनोन्‌महिने लांबली तर नंतर कितीही महागड्या पेशी आणून काही हाती लागणार नाही.

आपल्या राज्याचा या कथेत आणखी एक धागा आहे. लोणावळ्यात प्रयोगशाळा असलेल्या एका भारतीय कंपनीच्या उत्पादनाला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. रुग्णाच्याच मज्जेतून हाडपेशी वाढवून खुब्यात सोडण्याचा हा उपचार आहे. मज्जा घ्यायची, काही आठवडे पेशी वाढवायच्या, मग शस्त्रक्रियेत त्या परत द्यायच्या. परवानगी घेऊन, गुणवत्तेचे नियम पाळून काम करणाऱ्यांना गल्लीतल्या दवाखान्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. तरीही परवानगी मिळाली म्हणजे तुलना संपली असे नाही. स्वस्त मज्जेच्या अर्कापेक्षा या महागड्या पेशी किती सरस? आणि गोळीपेक्षा? अग्रवाला यांनीच ठिसूळ हाडांसाठी वापरली जाणारी ॲलेन्ड्रोनेट ही जुनी, स्वस्त गोळी खुब्याच्या या आजारात वर्षानुवर्षे वापरली आणि शेकडो खुब्यांचे निष्कर्ष मांडले. २०१२ मध्ये तैवानमधल्या चाचणीत मात्र त्या गोळीचा फायदा दिसला नाही. गोळी, मज्जेचा अर्क आणि वाढवलेल्या पेशी हे तिन्ही उपाय भारतातच, एकाच प्रकारच्या रुग्णांत, शेजारी ठेवून पाहायला हवेत. तोवर कोणीही कोणाला ‘हाच उपाय’ असे म्हणू नये.

घाईचा एक धडा हाडांच्याच शास्त्राने आधी दिलेला आहे. हाड घडवणारी प्रथिने मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिली. २००२ मध्ये अमेरिकेत त्यांतल्या एकाला मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली आणि पाहता पाहता ते मंजूर नसलेल्या जागीही वापरले जाऊ लागले. मानेत वापरल्यावर सूज येऊन श्वास कोंडल्याच्या घटना घडल्या आणि २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. २०११ मध्ये मणक्यावरच्या एका नियतकालिकाने जुन्या अभ्यासांत दुष्परिणाम कमी दाखवले गेल्याचे उघड मांडले. ते प्रथिन खोटे नव्हते, त्याने हाड खरोखर तयार होत होते. ज्या वेगाने ते पसरले, त्या वेगाने नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत, आणि किंमत रुग्णांनी मोजली.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांतले मज्जा प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशी फक्त चाचणीतच देता येतात. २०१९ च्या नियमांनी मूलपेशींपासून बनवलेली उत्पादने कायमची ‘नवे औषध’ ठरवली, म्हणजे दरेक उत्पादनाला परवानगी हवी. घोळ आहे तो त्याच शस्त्रक्रियेत मज्जा काढून, फिरवून, परत देण्याच्या प्रक्रियेत. शल्यचिकित्सक म्हणतात, हा कमरेच्या हाडाच्या तुकड्यासारखाच प्रकार आहे, त्याला औषध का म्हणायचे? त्यांचे म्हणणे मला पटते. पण त्याच दरवाजातून पोटाच्या चरबीतल्या पेशी आत येतात. रक्तातल्या बिंबाणूंचा अर्क आत येतो, जो मूलपेशी नसतोच. झिजलेल्या गुडघ्यांवर, म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांवर, अगदी पाठदुखीवर सर्रास सुया टोचल्या जातात. या सगळ्याला एकाच नावाने विकले जाते. चाचणी म्हणायचे आणि पैसेही रुग्णाकडूनच घ्यायचे, हा प्रकार तर ताबडतोब थांबायला हवा.

माझे मत असे आहे. न जुळलेल्या नडगीला आणि न खचलेल्या खुब्याला मज्जेचा अर्क देण्यास मोकळीक असावी. मात्र प्रत्येक वेळी पेशींची मोजणी व्हावी, रुग्णाची नोंद एका समान नोंदवहीत जावी आणि निदान पाच वर्षे पाठपुरावा व्हावा. परवानगी मिळालेली वाढवलेल्या पेशींची उत्पादनेही त्याच नोंदवहीत यावीत. मोजणी नाही, नोंद नाही, तर उपचारही नाही. ताणाने आलेली चीर, नुसती झीज किंवा वयोमानाने ठिसूळ झालेली हाडे यांवर मूलपेशी विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी. मोजणीने उपचाराचा खर्च थोडा वाढेल, हे मला मान्य आहे. पण न मोजता दिलेला आणि फसलेला उपचार त्याहून महाग पडतो, कारण त्यात रुग्णाचा वेळ जातो आणि खुबा खचण्याचा काळ थांबत नाही.

हे कुठे सुरू व्हावे? पुण्याइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. गणेशखिंडीत पेशी विज्ञान केंद्र आहे. पाषाणला साहित्य विकसित करणारी प्रयोगशाळा आहे. वानवडीला १९४८ पासूनचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आणि लष्कराचे कमांड रुग्णालय आहे. ससून आहे, जिथे अपघाताचे गरीब रुग्ण येतात. लष्करी व्यवस्थेत एक गुण असा आहे जो नागरी रुग्णालयांना जमत नाही: रुग्ण हरवत नाही. बदली झाली, राज्य बदलले, तरी कागद माणसामागे जातो. पाच-दहा वर्षांच्या पाठपुराव्यासाठी याहून चांगली सोय कोणती?

पण इथेच मला एक रेघ ओढायची आहे. प्रबोधिनीतल्या छात्रांना अशा चाचणीत घेऊ नये. ज्याला वरिष्ठाचा शब्द पाळण्याचे शिक्षण मिळते आहे आणि ज्याचे अख्खे करिअर वैद्यकीय मंडळाच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, त्याने दिलेल्या संमतीला मोकळी संमती म्हणणे कठीण आहे. ‘हे केले तर तुकडीत परत येशील’ असे कोणी म्हटलेच पाहिजे असे नाही, ते त्याच्या मनात असतेच. सेवा बजावून स्थिरावलेले जवान, अधिकारी आणि माजी सैनिक यांना, त्यांच्या वरिष्ठांचा संबंध नसलेल्या डॉक्टरांमार्फत विचारावे. ससूनमधल्या नागरी रुग्णांनाही तोच न्याय हवा: चाचणीत येणाऱ्याचा खर्च चाचणीने करावा, आणि नाही म्हणणाऱ्याला नेहमीचे उपचार तितक्याच आपुलकीने मिळावेत. बाहेर पडलेल्या छात्रांकडे मात्र वेगळे लक्ष हवे. नव्या योजनेमुळे त्यांच्या उपचाराचा खर्च आता सरकार करेल, म्हणजेच पेशी विकणाऱ्यांचे लक्षही त्यांच्याकडे वळेल. कोणत्या दुखापतीला काय लागू पडते, हे त्यांच्या कुटुंबांना मराठीत आणि हिंदीत, एखाद्या सरकारी डॉक्टरने समोर बसून सांगण्याची सोय त्या योजनेतच करावी.

तोवर कोणाला मूलपेशी सुचवल्या गेल्या, तर डॉक्टरांना काही गोष्टी विचाराव्यात, न लाजता. माझा गोळा खचला आहे का? किती पेशी देणार आणि त्या कोण मोजणार? उत्पादनाला परवानगी आहे का, असल्यास नेमकी कोणत्या आजारासाठी? चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक सांगा. देशातल्या चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि २००९ पासून तिथे नोंद करणे बंधनकारक आहे. त्यामुळे दिलेला क्रमांक घरबसल्या, एक पैसाही न देता तपासता येतो. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि पुण्यात ही चाचणी खरोखर उभी राहिली, तर तिच्या पहिल्याच पानावर एक अट छापली जावी: निकाल काहीही लागो, मज्जेचा अर्क हरला आणि स्वस्त गोळी जिंकली तरी, सगळे आकडे ठरलेल्या तारखेला प्रसिद्ध होतील, आणि ज्यांच्या कमरेतून मज्जा घेतली त्या प्रत्येक रुग्णाच्या हाती त्यांची मराठी प्रत आधी पडेल.